दोन कॉर्डचं गाणं उभं कसं राहतं: ‘ड्रीम्स’ बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: “फ्लीटवुड मॅकचं ‘ड्रीम्स’ आमच्या चौघांच्या बँडने बसवलं. ड्रम्स, बेस, गिटार आणि की-बोर्ड. की-बोर्ड वाजवणारीच गाते. ताटातुटीचं गाणं म्हणून आम्ही लय जरा उतरवली, दोनच कॉर्ड आहेत म्हणून मध्ये चार-पाच कॉर्ड घातल्या, आणि शेवटच्या ध्रुवपदात तिने आवाज मोकळा सोडला. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणारे कंटाळतात. मूळ गाण्यात कंटाळा येत नाही. आमचं काय चुकतंय?”

आधी उत्तर देतो, मग कारणं. लय मूळ जागी आणा. घातलेल्या कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) काढून टाका. आणि गायिका पहिली ओळ ज्या आवाजात गाते, साधारण त्याच आवाजात तिला शेवटची ओळही गाऊ द्या. एवढ्याने निम्मं गाणं सुधारेल. उरलेलं निम्मं कष्टाचं आहे, कारण तिथे काहीतरी घालावं लागतं, आणि ते काय, किती आणि कुठल्या क्षणी घालायचं हे कळायला मूळ गाणं कसं घडलं ते पाहावं लागतं. मी की-बोर्ड वाजवतो आणि गेली अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची गाणी बसवून देणं, ध्वनिमुद्रित करणं हेच काम करतो. ‘ड्रीम्स’ वेगवेगळ्या बँडबरोबर पाच-सहा वेळा तरी बसवलं आहे, आणि पहिल्या दोन्ही वेळा तुम्ही केलंत तेच मीही केलं होतं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितो.

१९७६ च्या सुरुवातीला फ्लीटवुड मॅक हा बँड कॅलिफोर्नियात सॉसलिटो इथल्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत ‘रूमर्स’ या अल्बमचं काम करत होता. बँडमध्ये पाच माणसं, आणि पाचही जणांची घरं एकाच वेळी मोडत होती. बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि की-बोर्ड वाजवणारी ख्रिस्टीन मॅकव्ही यांचं लग्न संपलं होतं. संगीताखेरीज ते एकमेकांशी बोलत नव्हते. गिटारिस्ट लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स यांचं नातं तुटत होतं. ड्रमर मिक फ्लीटवुडचा संसारही तुटण्याच्या वाटेवर होता. ही माणसं रोज एका खिडक्या नसलेल्या इमारतीत तासन्‌तास एकत्र बसत आणि एकमेकांबद्दल लिहिलेली गाणी एकमेकांच्या साथीने वाजवत.

एके दिवशी मुख्य खोलीत निक्सचं काम नव्हतं. ती त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोलीत गेली. ती खोली स्लाय स्टोन या अमेरिकन फंक संगीतकारासाठी बांधलेली होती: काळ्या-लाल रंगाची, मधोमध खोलगट जागा, एका बाजूला काळ्या मखमलीचा मोठा पलंग. पलंगावर बसून तिने की-बोर्ड पुढे ओढला, ड्रमचा एक तयार ठेका लावला, कॅसेट रेकॉर्डर सुरू केला आणि सुमारे दहा मिनिटांत गाणं लिहून संपवलं. हे तिने स्वतः सांगितलं आहे. त्यातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नासाठी फार महत्त्वाची आहे. आपण नाचाच्या ठेक्यावर काहीतरी करतोय हे तिला लगेच आवडलं, कारण ते तिच्या नेहमीच्या गाण्यांपेक्षा वेगळं होतं. म्हणजे शब्दांच्या आधी ठेका होता. दुःखाचं गाणं लिहून मग त्याला चाल लावली, असं झालेलं नाही. पाय आधीच चालत होते, दुःख त्यांच्यावर येऊन बसलं.

तिने ते पियानोवर बँडला ऐकवलं तेव्हा ख्रिस्टीन मॅकव्हीला ते कंटाळवाणं वाटलं. तीन कॉर्ड आणि डाव्या हाताला एकच सूर, यात आहे काय, असं तिचं मत झालं. (तिसरी कॉर्ड कुठली ते पुढे सांगतो.) तुमच्या श्रोत्यांचं आजचं मत आणि ख्रिस्टीनचं पहिलं मत एकच आहे, आणि दोन्ही बरोबर आहेत. नुसत्या सांगाड्यात हे गाणं खरोखर कंटाळवाणं आहे. ख्रिस्टीनचं मत बदललं ते बकिंगहॅमने त्याच त्या कॉर्डमधून तीन वेगळे भाग उभे केले तेव्हा. कॉर्ड तीच ठेवून त्याने प्रत्येक भागाचा ध्वनी पूर्ण वेगळा केला, तरी सगळ्यातून एकच धागा जातोय असं वाटावं अशी बांधणी केली.

जरा थांबून याचा विचार करा. हे गाणं त्याच्याबद्दल आहे. जिच्यापासून तो वेगळा होतो आहे तिचं गाणं, त्यालाच उद्देशून लिहिलेलं, तो स्वतः बसून सजवतो आहे. आणि इतकं मन लावून सजवतो आहे की त्याची करामत कुठे दिसतच नाही. त्याच अल्बममध्ये त्याचं स्वतःचं ‘गो युअर ओन वे’ हे गाणं आहे, तेही याच ताटातुटीबद्दल आणि चांगलंच रागावलेलं. त्यातली एक ओळ निक्सला लागली होती. ती काढावी असं तिचं म्हणणं होतं, ती राहिली, आणि त्या गाण्यात साथीला तिला गावं लागलं. मी ही दोन गाणी नेहमी पाठोपाठ ऐकायला सांगतो. एकात दार आपटल्याचा आवाज आहे. दुसऱ्यात ती दारातच उभी आहे आणि शांतपणे सांगते आहे, की तुला मोकळं व्हायचंय तर मी अडवत नाही, फक्त एकटेपण आलं की त्याचा आवाज नीट ऐक.

आता कॉर्डकडे येतो. तुमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली आहे.

गाण्यात एफ मेजर सेव्हन आणि जी या दोन कॉर्ड आळीपाळीने येतात. मिनिटाला १२० मात्रांच्या आसपासची लय, एकेक कॉर्ड चार मात्रा, म्हणजे साधारण दोन सेकंदांना एक. सव्वाचार मिनिटांच्या गाण्यात ही जोडी पन्नासाहून जास्त वेळा येते. कागदावर हे वाचलं की कुणालाही वाटणार की इथे काहीतरी भर घातली पाहिजे. पण या दोन कॉर्डमधले सूर मांडून पाहा. सी म्हणजे सा धरला तर पहिल्या कॉर्डमध्ये म, ध, सा, ग आहेत. दुसऱ्यात प, नी, रे. सातही सूर आले. एकही दोनदा आला नाही, एकही राहिला नाही. पूर्ण सप्तक दोन मुठींत वाटून दिलं आहे. या घरात आणखी पाहुणा आणायला जागाच नाही.

आणि तरीही सा वर उभी असलेली कॉर्ड, म्हणजे सी, येत नाही. म आणि प यांच्यामध्ये येरझारा चालू राहतात. पाश्चात्त्य संगीतात चौथ्या आणि पाचव्या स्वराच्या कॉर्ड हा घराकडे जायचा सर्वांत ओळखीचा रस्ता. त्या ऐकल्या की कान पुढच्या पावलाला घर धरून चालतो. इथे ते पाऊल पडतच नाही. प नंतर पुन्हा म. कान पुन्हा वाट पाहतो. सव्वाचार मिनिटं कान असा उंबऱ्याशी उभा राहतो. आपल्याकडे म्हणायचं तर सम दिसत राहते आणि सापडत नाही.

तुम्ही मध्ये घातलेल्या कॉर्ड कुठल्या ते लिहिलेलं नाही, पण माझा अनुभव सांगतो: असं करणारे बहुतेक जण ओळीच्या शेवटी सी घालतात. हाताला ते सहज सुचतं, कानालाही गोड लागतं. पण ती कॉर्ड आली की गाणं घरी पोचलं. मग पुढचं कडवं ऐकायचं कशासाठी? तुमचे श्रोते दुसऱ्या कडव्यात कंटाळतात याचं कारण बहुधा हेच आहे. पहिल्या कडव्यातच त्यांची वाट पाहणं संपवून टाकलं गेलं.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि या गाण्यातली माझी सर्वांत आवडती जागा तीच. एफ मेजर सेव्हनमधून एफ हा बेसचा सूर काढून घ्या. उरतात ए, सी, ई. ही अख्खी ए मायनरची कॉर्ड आहे. म्हणजे पहिल्या क्षणापासून प्रत्येक एफच्या आत ए मायनर लपलेला आहे, बेस त्याला खालून वेगळं नाव देतो इतकंच. गाण्याच्या मधोमध, शब्द थांबतात आणि फक्त वाद्यं वाजतात त्या जागेत ए मायनर उघडपणे समोर येतो. ख्रिस्टीनने मोजलेली तिसरी कॉर्ड हीच. ऐकणाऱ्याला ती नवी वाटत नाही. आतापर्यंत चेहऱ्यामागे जे होतं ते क्षणभर चेहऱ्यावर आलं असं वाटतं. मग पुन्हा झाकलं जातं. तुम्ही वाजवताना की-बोर्डवर उजव्या हातात नुसता ए-सी-ई ठेवा आणि एफ पूर्णपणे बेसवर सोडा. मधल्या भागात उजवा हात तसाच राहील, बेस एफवरून ए वर जाईल, आणि तो बदल आपोआप ऐकणाऱ्याच्या अंगावर येईल.

गाण्याचा षड्ज कोणता यावर वादकांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत. एफला सा मानलं तर बी हा तीव्र मध्यम ठरतो, म्हणजे कल्याण थाटाचे सूर. सी मानलं तर बिलावल. ए मानलं तर कोमल गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद, म्हणजे आसावरी. सूर तेच सात, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर गाणं शांत, साधं किंवा खिन्न ऐकू येतं. मी स्वतः ते बहुतेक वेळा ए वरून ऐकतो, पण पहिल्या दहा सेकंदांत नेहमी एफ वरून. यातलं कुठलं खरं हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. बँडमधल्या चौघांनी आपापल्या मनात वेगवेगळा सा धरला तरी चालेल. त्या संदिग्धतेवरच गाणं तरंगतं.

लयीबद्दल. तुम्ही किती उतरवली? शंभरवर आणली असेल तर प्रत्येक कॉर्ड दोनऐवजी जवळजवळ अडीच सेकंद टिकते. आकड्यात फरक लहान, कानात मोठा. येरझारांचं रूपांतर थांबण्यात होतं, आणि दोन कॉर्डचं गाणं थांबलं की त्यातल्या दोनच कॉर्ड दिसू लागतात. दुसरं म्हणजे शब्द आधीच दुःख सांगतात. लयीनेही तेच सांगितलं तर ऐकणाऱ्याला स्वतः काही शोधायला उरत नाही. या गाण्यात आठवणी छळतात त्याला हृदयाच्या ठोक्याची उपमा दिली आहे. ठोका तुम्ही दुःखी आहात म्हणून हळू होत नाही. माणूस रडत असो, हसत असो, तो आपला चालू. ड्रमरला हे समजावलंत तर त्याला वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

ड्रमरने नेमकं काय करायचं? हाय-हॅट (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी) अखंड, एकसारखी, बोलल्यासारख्या आवाजात. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, कोरडा आणि आखूड; मागे खोलीचा घुमारा नको. कडव्यातून ध्रुवपदात जाताना लांबलचक तोडे नकोत, एखादी छोटी वळणाची खूण पुरे. फ्लीटवुडचं वादन ऐकलं की लक्षात येतं, त्याला ताकद दाखवायची गरज पडत नाही कारण त्याच्या ठेक्याचं वजन जागेवर आहे. मी तालमीत ड्रमर आणि बेसवाला या दोघांनाच दहा मिनिटं एफ-जी वाजवायला लावतो. पहिली चार मिनिटं ते अवघडतात, मग काहीतरी सजावट सुरू करतात, मी ती थांबवतो, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला ठेका स्वतःचा चालू लागतो. तिथपर्यंत पोचल्याशिवाय मी गाणाऱ्याला उभंच करत नाही.

हाय-हॅटवरून आठवलं. ‘रूमर्स’च्या कामात मूळ टेप इतक्या वेळा फिरवल्या गेल्या की चुंबकीय थर झिजून वरचे, चकचकीत ध्वनी मंद व्हायला लागले; ड्रम्सची धार त्यात पहिली गेली. नशिबाने मूळ वादनाची दुसरी टेप जपून ठेवलेली होती, तिच्यावर नंतर भरलेलं सगळं वादन-गायन उतरवून घ्यावं लागलं. दोन यंत्रं सारख्या वेगाने चालावीत म्हणून तंत्रज्ञाने कानाला हेडफोन लावून, ड्रम्स ऐकत, हाताने वेग जुळवला. एका हाय-हॅटच्या धारेसाठी एवढा आटापिटा का, हे हे गाणं वाजवून पाहिल्यावरच कळतं. ती धार गेली तर इथे काहीच उरत नाही.

बेसवाल्याचं काम सगळ्यात अवघड आहे, कारण त्याला जवळजवळ काहीच वाजवायचं नाही. एफ आणि जी. तरीही जॉन मॅकव्हीचा बेस कानात राहतो तो सुरांच्या लांबीमुळे. सूर कुठे सुरू होतो याकडे सगळे लक्ष देतात; तो कुठे संपतो याकडे फार थोडे. तुमच्या बेसवाल्याला एक प्रयोग करायला सांगा. स्नेअर पडायच्या क्षणी सूर बोटाने दाबून बंद करायचा, म्हणजे स्नेअरला स्वतःची स्वच्छ जागा मिळते. मग हळूहळू काही ठिकाणी तो सूर पुढे वाहू द्यायचा. दोन सुरांच्या गाण्यात वाद्याला श्वास येतो तो असाच.

आता त्या तीन भागांची बांधणी. ध्वनिमुद्रिकेवर कडव्यात ड्रम्स आणि बेसच्या वर फार थोडं आहे: रोड्स इलेक्ट्रिक पियानोचा मऊ पडदा, आणि गिटारचे असे सूर की ते कुठून आले कळत नाही. तार छेडताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवायचा आणि छेडल्यानंतर पायाच्या पेडलने किंवा करंगळीने गिटारवरच्या बटणाने तो वर उचलायचा. छेडण्याचा आघात ऐकूच येत नाही, सूर उगवल्यासारखा येतो आणि मावळतो. तुमच्या गिटारिस्टने हे एकच तंत्र आठवडाभर घोटावं. आणि जागा नीट निवडावी: हे सूर गायिकेच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत आले पाहिजेत, तिच्या शब्दांखाली नव्हे. ती बोलते, थांबते, आणि मग त्याची गिटार काहीतरी म्हणते, तेही शब्दांशिवाय. मला तरी ते त्या दोघांचं संभाषण वाटत आलं आहे.

ठोक्याची उपमा जिथे येते त्या, कडवं आणि ध्रुवपद यांच्यामधल्या भागात ओळी तुटक होतात, एकाच शब्दरचनेची पुनरावृत्ती होते. तिथे की-बोर्डने लांब धरलेला सूर आणावा, ऑर्गनचा असेल तर उत्तम, आणि गिटारने उगवणारे सूर थांबवावेत. ध्रुवपदात जाताच तीन गोष्टी एकदम घाला: गिटारवर साधं, सलग वादन, ऑर्गन थोडा वर, आणि आणखी दोन आवाज. तुमच्याकडे साथीला गाणारं कुणी नाही असं कृपया म्हणू नका. मूळ ध्रुवपदाचं वजन निक्स, ख्रिस्टीन आणि बकिंगहॅम यांचे आवाज एकत्र येतात त्यात आहे. बेसवाला आणि गिटारिस्ट यांनी गायलंच पाहिजे. त्यांना मोठ्याने गाता येत नसेल तर फारच चांगलं. हळू गावं, पण गायिकेच्या बरोबरीने शब्द सुरू करावेत आणि बरोबरीने संपवावेत. तिन्ही आवाजांचं अंत्य व्यंजन एकत्र पडलं की ध्रुवपद दुप्पट मोठं वाटतं, आवाज एक कणही न वाढवता. याच्यासाठी ती ओळ गाण्याशिवाय, नुसती एकत्र बोलून पाहावी. मी दर तालमीत ते करून घेतो.

मग दुसरं कडवं. तुमचे श्रोते इथे हरवतात, म्हणून इथे विशेष काळजी. ध्रुवपदात घातलेलं सगळं काढून घ्या आणि पहिल्या कडव्याच्या सांगाड्यावर परत या, पण एक नवी गोष्ट ठेवा. एकच. काँगाचा (हाताने वाजवायच्या उंच ढोलाचा) हलका हात असेल, रोड्सवर उंच पट्टीत एखादा सूर असेल. ऐकणाऱ्याला जाणवायला हवं की आपण परत त्याच खोलीत आलोय आणि मधल्या वेळात उजेड थोडा बदललाय. दुसऱ्या ध्रुवपदाचं तेच. एकेका थरात एकेक पातळ पडदा वाढवत नेलात तर शेवटी गायिकेला ओरडावं लागणार नाही, कारण चढण वाद्यांनी आधीच चढलेली असेल.

आता गायिकेविषयी. निक्सने गायलेला जो आवाज आपण ध्वनिमुद्रिकेवर ऐकतो, तो सॉसलिटोत बँडबरोबर वाजवताना गायलेला मूळ आवाज आहे. सॉसलिटोतल्या मुद्रणातून फक्त ड्रम्स आणि तिचा तो आवाज ठेवला गेला. गिटार आणि बेस नंतर लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा वाजवले. स्टुडिओत काम करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. बँडला लय आणि जागा कळाव्यात म्हणून गायलेला तो आवाज. ‘आता मुद्रण चालू आहे, आता नीट गा’ हे दडपण त्यात नसतं. माणूस स्वतःशी गातो तसा तो येतो.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी एका गायिकेचं ताटातुटीचं गाणं मुद्रित करत होतो. तिच्या आयुष्यात नुकतंच तसं घडलेलं. सहाव्या-सातव्या प्रयत्नाला ती गाता गाता रडली. काचेच्या या बाजूला आम्ही सगळे स्तब्ध. हेच ठेवायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर त्यात गायिकेचं रडणं होतं, गाणं नव्हतं. ऐकणाऱ्याला तिची काळजी वाटत होती, स्वतःचं काही आठवत नव्हतं. शेवटी आम्ही पहिला, नुसता माप घेण्यासाठी गायलेला आवाज वापरला. त्यात ती हुंदका आवरून शब्द नीट उच्चारत होती. तो आवरलेला हुंदका आजही ऐकू येतो. त्या दिवसापासून मी तालमीतला प्रत्येक प्रयत्न मुद्रित करतो, अगदी ‘हे फक्त सराव म्हणून’ असं सांगितलं तरी.

तुमच्या गायिकेला म्हणूनच मी तीन गोष्टी सांगेन. शब्द ठेक्याच्या अगदी किंचित मागे ठेवायचे, चालणाऱ्या माणसाच्या शेजारून आपण अर्धं पाऊल मागे चालतो तसे. ओळीचा शेवटचा सूर ताणायचा नाही, तो सोडून द्यायचा आणि मग शांत राहायचं. आणि पट्टी निवडताना वरचा सूर किती चमकतो ते न पाहता, सर्वांत खालचा सूर बोलल्यासारखा येतो का ते पाहायचं. एफ-जी तिला सोयीचं नसेल तर सा बदलून म-प ची जोडी हलवा. जी सा धरलात तर कॉर्ड सी मेजर सेव्हन आणि डी होतील. गिटारला मोकळ्या तारांचा नाद ठेवायचा असेल तर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारी चिमटी) लावता येईल.

ती मोकळ्या आवाजात गायला का धावते, तेही मी समजू शकतो. तिला शेवटी मन हलकं करायचं असतं. त्यासाठी निक्सचंच दुसरं गाणं आहे, ‘सिल्व्हर स्प्रिंग्स’. त्याच काळातलं, त्याच माणसाबद्दलचं. त्यात ती खरोखर मोकळी सुटते आणि शेवटी शाप दिल्यासारखी गाते. ते ‘रूमर्स’मधून वगळलं गेलं, याचं तिला फार वाईट वाटलं, आणि ‘गो युअर ओन वे’च्या तबकडीच्या मागच्या बाजूवर ते आलं. १९९७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा ते गाणं मंचावर परतलं, बकिंगहॅमकडे बघत तिने ते गायलं. तुमच्या गायिकेला आवाज सोडायचा असेल तर कार्यक्रमात हे दुसरं गाणं घ्या. ‘ड्रीम्स’मध्ये तेच दुःख घडी घालून ठेवलेलं आहे. दोन्ही एका कार्यक्रमात घेतलीत आणि ‘ड्रीम्स’ आधी ठेवलंत, तर दुसऱ्या गाण्यातला स्फोट पहिल्या गाण्याने राखून ठेवलेल्या दारूवर होईल.

‘ड्रीम्स’ १९७७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत स्वतंत्र तबकडी म्हणून आलं आणि १८ जून १९७७ च्या आठवड्यात बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं ठरलं. अमेरिकेत त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं या बँडचं हे एकमेव गाणं. ‘रूमर्स’ तिथे अल्बमच्या यादीत एकूण ३१ आठवडे पहिला होता आणि पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. २०२० मध्ये, स्केटबोर्डवरून निवांत जाणाऱ्या एका माणसाच्या छोट्या व्हिडिओमुळे, ते पुन्हा हॉट १०० मध्ये आलं. त्या व्हिडिओत तो रस्त्यावरून सरकत राहतो, बाटलीतून रस पितो, गाण्याबरोबर ओठ हलवतो, बाकी काही घडत नाही. गाण्याचा गाभा त्याला नेमका सापडला होता असं मला वाटतं: थांबायचं नाही, घाई करायची नाही.

मंचावरच्या ध्वनीबद्दल दोनच गोष्टी. गायिकेच्या आवाजावर घुमारा कमी ठेवा, तिचा श्वास ऐकू आला पाहिजे. घुमारा हवा तर गिटारच्या उगवणाऱ्या सुरांवर भरपूर ठेवा. म्हणजे ती जवळ उभी राहील आणि बाकीचं सगळं तिच्यापासून दूर जात असल्यासारखं वाटेल. आणि की-बोर्डच्या आवाजातली खालची, खर्जाची बाजू कापून टाका. तुमची गायिका दोन्ही हातांनी वाजवत असेल तर डावा हात मांडीवर ठेवायला सांगा. निक्सच्या कच्च्या रूपातही डाव्या हाताला एकच सूर होता. तुमच्याकडे बेसवाला आहे, म्हणजे तोही नको.

शेवट कसा करायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक बँड तिथेच घसरतात. शेवटच्या शब्दानंतर हात आपोआप सी कडे जाईल. जाऊ देऊ नका. एफ मेजर सेव्हनवर थांबा, ई हा सूर सगळ्यात वर ठेवा, आणि कॉर्ड विरेपर्यंत कुणीही हलू नका. ड्रमरला आधीच सांगून ठेवा की तिथे झांज वाजवायची नाही.